कंपनीच्या तिजोरीतला पैसा कशाची वाट पाहतो?

"कंपनीला एवढा नफा होतो, बँकेत हजारो कोटी पडून आहेत, मग लाभांश देताना हात आखडता का?" नव्याने शेअर बाजारात उतरलेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. दुसरा म्हणतो, "लाभांश कशाला? त्या पैशात नवा कारखाना काढा, चार पोरांच्या हाताला काम मिळेल." तिसऱ्याला 2020ची टाळेबंदी अजून आठवते. तो म्हणतो, "असू द्या पैसा. वाईट वेळ काय सांगून येते?"

तिघेही बरोबर बोलत आहेत, पण प्रत्येक जण त्या पैशाच्या एकेका वाट्याबद्दल बोलतो आहे. शेतकऱ्याच्या घरी धान्य आले की त्याचे तीन वाटे होतात: पुढच्या सुगीपर्यंत खायचे, पेरणीसाठी बियाण्याचे आणि उरलेले बाजारात न्यायचे. कणगी किती मोठी, यावरून घर शहाणे की वेडे ते ठरत नाही. कुठले धान्य कशासाठी ठेवले, हे घरच्यांना ठाऊक आहे का, यावरून ठरते. कंपनीच्या रोकडीलाही हीच कसोटी लावायची.

1. आधी पैसा मोजू

ताळेबंदातल्या 'राखीव निधी'च्या आकड्याकडे बोट दाखवून लोक म्हणतात, "बघा, एवढा पैसा दाबून ठेवलाय." पण राखीव निधी म्हणजे रोकड नव्हे. सुरुवातीपासून कमावलेल्या नफ्यापैकी जेवढा वाटला नाही, त्याची ती बेरीज असते. समजा, एका कंपनीने दहा वर्षांत 500 कोटींचा नफा स्वतःकडे ठेवला. त्यातले 300 कोटी यंत्रांत गेले, 120 कोटी कच्च्या मालात आणि गिऱ्हाइकांकडच्या उधारीत अडकले, आणि बँकेत उरले 80 कोटी. राखीव निधी 500 कोटी, हातातला पैसा 80 कोटी.

खरा पैसा पाहायचा तर 'रोख व बँक शिल्लक' आणि 'चालू गुंतवणूक' या ओळी पाहाव्या लागतात. मुदत ठेवी, लिक्विड फंड, सरकारी ट्रेझरी बिले असे लवकर मोडता येणारे सगळे तिथे सापडते. तोही सगळा मोकळा असेलच असे नाही. मार्च 2020च्या अखेरीस इंडिगो विमान कंपनीकडे एकूण 20,377 कोटींची रोकड होती. त्यातली मोकळी फक्त 8,928 कोटींची, बाकीची कुठे ना कुठे अडकलेली.

आकडा खरा आहे का, हेही तपासावे लागते. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदातल्या 5,361 कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. त्यांवर येणे म्हणून दाखवलेले 376 कोटींचे व्याजही खोटे होते. म्हणून रोकड मोठी दिसली, की तिच्यावर व्याज किती आले आणि ते खरोखर हातात पडले का, हे पाहावे. ठेवी हजारो कोटींच्या आणि व्याज नावापुरते, किंवा एकीकडे रोकडीचा डोंगर आणि दुसरीकडे महागडी कर्जे, असे दिसले तर थांबून विचारलेच पाहिजे.

2. अडीअडचणीसाठी किती?

25 मार्च 2020 रोजी टाळेबंदीमुळे देशातली प्रवासी विमाने जमिनीवर आली आणि 25 मेला मर्यादित प्रमाणात पुन्हा उडू लागली. इंडिगोच्या ताफ्यात तेव्हा 262 विमाने होती, त्यातली बहुतेक भाड्याची. विमान उडो न उडो, भाडे, देखभाल आणि पगार चालूच राहतात. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत कंपनीला 2,844 कोटींचा तोटा झाला आणि पूर्ण वर्षाचा तोटा 5,800 कोटींवर गेला. पगार कापले गेले, जुलैमध्ये सुमारे दहा टक्के कर्मचाऱ्यांना घरी जावे लागले. एवढे सोसूनही कंपनी टिकली, आणि जून 2023 मध्ये तिने एअरबसकडे एकदम 500 विमानांची मागणी नोंदवली. साठवलेल्या रोकडीने तिला सावरायला लागणारा वेळ मिळवून दिला.

टाळेबंदीच्या एक वर्ष आधीच जेट एअरवेज बंद पडली होती, तीही महासाथ नसताना. कर्ज डोईजड झाले, बँकांनी तातडीचे पैसे द्यायला नकार दिला आणि 17 एप्रिल 2019च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान तिचे शेवटचे ठरले. बँका एरवी कर्ज द्यायला दारात उभ्या असतात. खरी गरज लागते तेव्हा त्याच हात वर करतात. कंपन्या स्वतःची गंगाजळी बाळगतात त्याचे सर्वांत सबळ कारण हेच.

मग किती ठेवावी? सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. तीन गोष्टी पाहायच्या: विक्री अचानक किती घसरू शकते, विक्री थांबली तरी कुठले खर्च थांबत नाहीत, आणि उधारी वसूल व्हायला किती दिवस लागतात. साबण-टूथपेस्ट विकणाऱ्या हिंदुस्तान युनिलिव्हरला विक्रीचे पैसे लवकर मिळतात आणि पुरवठादारांना मात्र सवडीने द्यावे लागतात. लोक मंदीतही आंघोळ करतात. अशा कंपनीला मोठ्या गंगाजळीची गरज कमी, म्हणून ती नफ्याचा फार मोठा भाग लाभांशात वाटू शकते. सॉफ्टवेअर कंपनीचा मुख्य खर्च पगाराचा, आणि तो दर महिन्याला द्यावाच लागतो. तिला काही महिन्यांचे पगार हाताशी ठेवणे शहाणपणाचे. विमान कंपनीला त्याहून जास्त लागते.

3. पडून राहिलेल्या पैशाचे मोल

गरजेपेक्षा जास्त रोकड ठेवली तर बिघडते काय? थोडे गणित करू.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीने प्रत्यक्ष धंद्यात 400 कोटी गुंतवले आहेत आणि कर वजा जाता ती वर्षाला 100 कोटी कमावते. म्हणजे भांडवलावर 25 टक्के परतावा, उत्तमच. शिवाय तिच्याकडे 600 कोटी मुदत ठेवीत आहेत. सात टक्क्यांनी त्यांवर 42 कोटी व्याज येते आणि सुमारे 25 टक्के कर गेल्यावर 31 कोटी उरतात. आता सगळे एकत्र केले तर 1,000 कोटींवर 131 कोटी, म्हणजे जेमतेम 13 टक्के. उत्तम धंदा ठेवींच्या ओझ्याखाली मध्यम दिसू लागला. ठेवींवरचा करानंतरचा परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास, आणि महागाईचे रिझर्व्ह बँकेचे लक्ष्यच 4 टक्के. खऱ्या अर्थाने तो पैसा फारसा वाढतच नाही.

मग ते 600 कोटीही पंपांच्या धंद्यात घाला, असे वाटणे साहजिक आहे. पण जुन्या 400 कोटींवर 25 टक्के मिळतात, म्हणून पुढच्या 100 कोटींवरही तेवढेच मिळतील असे नाही. पंपांना जेवढे गिऱ्हाईक होते तेवढे मिळून चुकले असेल, तर नव्या कारखान्यावर कदाचित नऊच टक्के सुटतील. गुंतवणुकीचा निर्णय नेहमी पुढच्या रुपयावर काय मिळेल यावर घ्यायचा असतो. आधीच्या रुपयाने काय दिले, ते त्यासाठी पुरत नाही.

4. पेरायचा तर कुठे?

पैसा धंद्यात घालायचा की मालकांना वाटायचा, हा वाद शंभर वर्षांपूर्वी थेट न्यायालयात गेला होता. 1916 मध्ये अमेरिकेतल्या फोर्ड मोटर कंपनीचा वर्षाचा नफा सुमारे 6 कोटी डॉलर होता आणि हातात 5 कोटींहून अधिक डॉलर रोख होते. हेन्री फोर्ड यांनी जाहीर केले, की नेहमीचा लाभांश मिळेल, पण विशेष लाभांश बंद. मोटारीची किंमत 440 डॉलरांवरून 360 डॉलरांवर आणायची आणि रूज नदीकाठी प्रचंड कारखाना उभारायचा, हा त्यांचा बेत होता. जॉन आणि होरेस या डॉज बंधूंकडे कंपनीचे दहा टक्के शेअर होते आणि ते स्वतःही मोटारी बनवू लागले होते. ते कोर्टात गेले.

1919 मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी असते, असे सांगून त्याने सुमारे 1.93 कोटी डॉलरांचा लाभांश वाटायला लावला. पण कारखान्याच्या विस्तारात हात घालायला नकार दिला. धंदा कसा वाढवायचा ते धंदेवाल्यांनी ठरवावे, ही त्यामागची भूमिका. न्यायालयाने एकाच पैशाचे दोन वाटे केले. कारखान्याला लागेल तेवढा कारखान्याला, आणि त्यानंतरही जो उरतो तो मालकांना.

गुंतवणूक म्हटले की ती चांगलीच असते, असेही नाही. 1970च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि अमेरिकी तेल कंपन्यांच्या तिजोऱ्या भरून वाहू लागल्या. मोबिल या तेल कंपनीने मॉन्टगोमरी वॉर्ड ही दुकानांची साखळी विकत घेतली, एक्सॉनने यंत्रे चालवणाऱ्या विजेच्या मोटर बनवणारी रिलायन्स इलेक्ट्रिक घेतली. तेल उपसण्यात तरबेज असलेल्यांना कपडे-भांडी विकण्याचा काय अनुभव? दोन्ही व्यवहार फसले. अर्थतज्ज्ञ मायकेल जेन्सन यांनी 1986 मध्ये याच उदाहरणांवर बोट ठेवून दाखवले, की चांगल्या संधी संपल्या तरी रोकड येत राहिली, की व्यवस्थापक तो पैसा परत देण्याऐवजी स्वतःचे साम्राज्य वाढवण्यात घालवतात. मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला मान मोठा, पगार मोठा. पैसा परत दिला की कंपनी लहान होते.

पुण्याच्या बजाज ऑटोच्या इतिहासात या प्रश्नाची बरीच उत्तरे एकाच घरात सापडतात. स्कूटरच्या सुगीच्या काळात साठलेला पैसा मोठा होता. 2008 मध्ये कंपनीचे विभाजन झाले: वाहने एका कंपनीकडे, कर्ज व विमा बजाज फिनसर्व्हकडे, आणि गुंतवणुका सांभाळायला बजाज होल्डिंग्ज. वाहने बनवणाऱ्याने वाहनांकडे पाहावे आणि गंगाजळी वेगळ्या घरात राहावी, अशी ही व्यवस्था.

याच सुमारास, 2007 मध्ये, बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटारसायकल कंपनीत साडेचौदा टक्के हिस्सा घेतला आणि पुढे वाढवत नेला. हा पैसा अनोळखी धंद्यात गेला नव्हता. केटीएमची ड्यूक मोटारसायकल चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि परदेशात जाऊ लागली. तरीही धोका टळला नाही. न विकलेल्या गाड्यांचा साठा आणि कर्जे वाढून केटीएम नोव्हेंबर 2024 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2025 मध्ये बजाजने सुमारे 80 कोटी युरोंची व्यवस्था करून ती सावरली. ओळखीच्या शेतातही पेरणी वाया जाण्याचा धोका असतो, आणि मोडू पाहणारा भागीदार सावरायलाही ऐपत लागते.

5. परत द्यायचा तर कसा?

ॲपल 1997 मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. मायक्रोसॉफ्टच्या 15 कोटी डॉलरांच्या गुंतवणुकीचा तिला तेव्हा आधार झाला. त्या आठवणीचा परिणाम असो वा नसो, स्टीव्ह जॉब्ज यांनी पुढे लाभांश दिलाच नाही. 2011च्या अखेरीस रोकड आणि रोख्यांचा साठा सुमारे 98 अब्ज डॉलरांवर गेला. मार्च 2012 मध्ये जॉब्ज यांच्यानंतर प्रमुख झालेले टिम कुक यांनी लाभांश आणि बायबॅक (स्वतःच्याच शेअरची खरेदी) दोन्ही जाहीर केले. पुढच्याच वर्षी ॲपलने भागधारकांना पैसे देण्यासाठी 17 अब्ज डॉलरांचे कर्ज काढले, कारण साठ्यातला मोठा भाग परदेशात होता आणि तो अमेरिकेत आणला असता तर कर भरावा लागला असता. रोकड आहे म्हणजे ती हव्या त्या जागी आहे, असे नसते.

पैसा परत देण्याच्या मुख्य वाटा दोन. लाभांशात प्रत्येक शेअरमागे सारखे पैसे मिळतात. बायबॅकमध्ये कंपनी स्वतःचेच शेअर विकत घेऊन रद्द करते. शेअर कमी झाल्याने उरलेल्यांचा हिस्सा वाढतो. 2017 मध्ये टीसीएसने 16,000 कोटींचे आणि इन्फोसिसने 13,000 कोटींचे बायबॅक केले. इन्फोसिसचे ते पहिलेच होते, आणि त्याआधी तिच्याच माजी वित्तप्रमुखांनी बायबॅकसाठी जाहीरपणे आग्रह धरला होता.

बायबॅक केले की भागधारकाचे भले होतेच, ही समजूत मात्र तपासून घ्यायला हवी. एका कंपनीचे 10 कोटी शेअर आहेत आणि नफा 100 कोटी, म्हणजे शेअरमागे 10 रुपये. तिने ठेवीतले 200 कोटी काढून बायबॅक केले. ठेवीचे व्याज बुडाल्याने करानंतरचा नफा साडेदहा कोटींनी घटून साडेएकोणनव्वद कोटींवर आला. भाव 200 रुपये असेल तर 1 कोटी शेअर येतील, 9 कोटी उरतील आणि शेअरमागे नफा 9.94 रुपये, म्हणजे आधीपेक्षा किंचित कमीच. भाव 100 रुपये असेल तर 2 कोटी शेअर येतील आणि शेअरमागे नफा 11.19 रुपये होईल. पैसा तोच, निर्णय तोच. फरक पडला तो भावामुळे.

हे गणित विमाने बनवणाऱ्या बोइंगला फार महागात पडले. 2013 ते 2019 या काळात तिने सुमारे 43 अब्ज डॉलर बायबॅकवर खर्च केले. 2018 मध्ये शेअरचा भाव 300 डॉलरांच्या वर होता. त्यानंतर 737 मॅक्सच्या दोन अपघातांत 346 माणसे गेली, ती विमाने जमिनीवर आली आणि पाठोपाठ महासाथ आली. 2020 मध्ये कंपनीला 25 अब्ज डॉलरांचे कर्जरोखे काढावे लागले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये 143 डॉलर भावाने नवे शेअर विकावे लागले. महागात घेतलेले शेअर निम्म्याहून कमी भावात पुन्हा बाजारात आले, आणि मधल्या काळात अभियांत्रिकी व सुरक्षिततेसाठी लागणारा पैसा हातातून गेला.

कराचे नियमही दोन्ही वाटांचे गणित बदलतात. एप्रिल 2020 पासून लाभांशावरचा कर कंपनीऐवजी भागधारकाकडे आला, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून बायबॅकमधून मिळणारी रक्कम लाभांशासारखी धरण्याचा नियम लागू झाला. म्हणून बायबॅकचा प्रस्ताव हाती आला की भागधारकाने त्या वर्षीचा नियम पाहूनच हिशेब करावा.

6. संधीची वाट पाहणारा पैसा

काही कंपन्या तिसऱ्याच कारणासाठी रोकड ठेवतात: इतरांकडे पैसा नसेल तेव्हा आपल्याकडे असावा म्हणून. वॉरन बफे यांची बर्कशायर हॅथवे हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. बफे यांनी सूत्रे घेतल्यापासून कंपनीने एकदाच, 1967 मध्ये, लाभांश दिला. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेतल्या बँका कोलमडत असताना गोल्डमन सॅक्सला पैशाची निकड होती. बर्कशायरने 5 अब्ज डॉलर दिले, तेही वर्षाला दहा टक्के लाभांश घेऊन आणि वर ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क मिळवून. 2024च्या अखेरीस बर्कशायरची रोकड सुमारे 334 अब्ज डॉलर होती, बहुतांशी अल्पमुदतीच्या सरकारी ट्रेझरी बिलांत.

पण हे उदाहरण दाखवून कुठल्याही व्यवस्थापकाने पैसा अडवून ठेवू नये. बफे यांनी स्वतःलाच एक अट घातली होती: ठेवून घेतलेल्या प्रत्येक डॉलरमागे, काही वर्षांच्या हिशेबात, कंपनीचे बाजारमूल्य किमान एक डॉलरने वाढले पाहिजे. त्या कसोटीला उतरणारी अनेक दशकांची कामगिरी असेल, तरच भागधारक वाट पाहायला तयार होतात.

7. वार्षिक अहवाल हातात घेतल्यावर

सामान्य भागधारकाने चार प्रश्न विचारावेत. मोकळी रोकड किती, आणि विक्री थांबली तर ती किती महिने पुरेल? तिच्यावर प्रत्यक्ष व्याज किती मिळाले? गेल्या पाच-सात वर्षांत धंद्यात घातलेल्या नव्या पैशावर कमाई किती वाढली? आणि उरलेल्याचे काय करणार, हे कंपनीने लिहून दिले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे आता सोपे आहे. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना लाभांश वाटपाचे धोरण ठरवून संकेतस्थळावर ठेवावे लागते. अनेक कंपन्यांची धोरणे इतकी मोघम असतात, की त्यांतून काहीच हाती लागत नाही. इन्फोसिसचे धोरण त्या मानाने स्पष्ट आहे: आर्थिक वर्ष 2025 ते 2029 या पाच वर्षांत मिळून मोकळ्या रोकड-प्रवाहाचा, म्हणजे धंद्यातून येणाऱ्या पैशातून यंत्रे-इमारतींचा खर्च वजा जाता जे उरते त्याचा, सुमारे 85 टक्के भाग लाभांश व बायबॅकमधून परत देण्याचे तिने जाहीर केले आहे. पाच वर्षांनी कुणालाही बेरीज करून ते पडताळता येईल. इतर कंपन्यांकडूनही भागधारकांनी एवढ्याच नेमक्या शब्दांची मागणी करायला हवी.

मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांना साधारणपणे 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. बऱ्याच सभा आता ऑनलाइन भरतात. सूचनापत्रात दिलेल्या मुदतीत वक्ता म्हणून नाव नोंदवले, की एकच शेअर असलेल्या भागधारकालाही हे चार प्रश्न थेट संचालक मंडळापुढे मांडता येतात.